काचेवरची मारबत

दामोदरचं नाव निघालं की बैठकीत किस्से निघतातच, आणि प्रत्येकाचा निराळा. आम्ही एकाच शाळेत मास्तर होतो. मी मराठीला, तो ड्रॉइंगला. इंग्रजी अमदानीतले दिवस. काचेच्या प्लेटांचा कॅमेरा घेऊन नागपुरातली सोंगं टिपायचं त्याने मनावर घेतलं, आणि तेव्हापासून कुणाचं काय चाललंय ते आम्हाला नीट कळेनासं झालं.

*

दंडारीच्या खेळात विणकर सोमाजी बाईचं सोंग घेऊन नाचत होता. दामोदर म्हणाला, "हलू नका." सोमाजी थांबला, ढोलकी थांबली, बघणारेही श्वास धरून बसले. फोटो निघाला तरी कुणी हलेना.

शेवटी सोमाजीने हळूच विचारलं, "मास्तर, आता नाचू, का हाच तुमचा खेळ हाय?"

*

तो फोटो सोमाजीच्या बायकोला दाखवला. तिने नवऱ्याला ओळखलंच नाही. पण पदराशी बोट नेऊन म्हणाली, "काठ माह्या हातचा हाय." मग नवऱ्याकडे वळली. "म्हणजे लुगडं चोरानं नाही नेलं तं."

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवून गावाबाहेर जाळतात. रोगराई तिच्याबरोबर जाते. आमच्या गल्लीची मारबत म्हातारा गणबाजी करायचा. दामोदरने आदल्या दिवशीच विनवलं, "आजच उन्हात काढा, फोटो चांगला येईल."

"आज काढली तं आजच निघाली, मास्तर. मंग उद्या कोणाले काढू?"

*

मिरवणुकीत फोटो मिळाला. त्याच महिन्यात गल्लीत ताप आला. गणबाजीची नात अंथरुणाला खिळली, तेव्हा तो दामोदरकडे गेला. "आमी मारबत जाळली. तुमी काहून ठेवून राहिले?"

दामोदरने प्रकाश, चांदीचा लेप, काच, सगळं समजावलं. गणबाजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्यापाशी हाय."

"आहे," दामोदर म्हणाला.

*

मारबतीची काच फोडायचं ठरलं. फोडण्याआधी ती घेऊन दामोदर माझ्याकडे आला. मागोमाग गणबाजी. फोटोत मारबतीमागे आमचा ओटा आला होता, आणि ओट्यावर माझी पत्नी. त्याच तापात ती गेली होती. तिचा दुसरा फोटो नव्हता.

मी काच गणबाजीच्या हाती दिली. "नात बरी होऊ दे," म्हणालो.

त्याने ती उन्हाकडे धरली. "बाईंचं तोंड उघडं दिसते. काय म्हणून राहिल्या?"

"सगळे म्हणतात तेच. रोगराई घेऊन जा गे मारबत."

गणबाजीने काच खाली घेतली. मग धोतराच्या सोग्याने काच पुसून त्याने माझ्यापुढे धरली.

"राहू द्या, मास्तर. अजून तेच म्हणून राहिल्या त्या."