ताईने उचललेला मँटिस

आमच्या ताईने घरात किडा पाळला हे भावोजींनी ऐकलं असतं, तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता. कोपऱ्यात मुंगी दिसली तरी फडकं घेऊन मागे लागणारी बाई ती. पण भावोजी गेले आणि ताईचं सगळंच बंद पडलं. रडणं नाही, चिडणं नाही. वाढलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. मी तिची धाकटी बहीण, पार्लर चालवते. दिवसभर बायकांची डोकीही सांभाळायची आणि तोंडंही. मला गप्प बसणाऱ्या माणसांचा राग येतो, आणि आपलंच माणूस गप्प बसलं की जास्तच येतो.

ताईचं काम काय ते आधी सांगते. औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती तपासणीला असते. समोर सरकता पट्टा, त्याच्यामागे पांढरा दिवा, आणि दिव्यासमोरून बाटल्या जात राहतात. चांगल्या बाटलीला हात लावायचाच नाही. तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की डाव्या हाताने उचलायची आणि डावीकडच्या पेटीत ठेवायची. एकदा उचललेली बाटली परत पट्ट्यावर ठेवायची नाही, मागाहून कितीही चांगली वाटली तरी. लग्नाच्या आधीपासून ताई हेच करतेय. तिला लांबून येताना बघून भाजीवाला वरचे टोमॅटो आपणहून बाजूला करतो.

अशा बाईला नवऱ्याचे डोळे पिवळे झालेले दिसले नाहीत. दिसले तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. भावोजींनी दुखणं अंगावर काढलं हे खरं, पण ताईला ते पटवणार कोण. "रोज समोरासमोर बसून जेवत होतो गं आम्ही," एवढंच ती एकदा म्हणाली, आणि तेही दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात. पुढे तो विषय नाही.

कामावर परत गेली तर फुटक्या बाटल्या तिच्यासमोरून सरळ पुढे जायला लागल्या. ती बघत होती, हात उठत नव्हता. सुपरवायझर भला माणूस. त्याने तिला खोकी चिकटवायला बसवलं आणि मला फोन केला. "दिव्यासमोरची खुर्ची थोडे दिवस रिकामी ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही," म्हणाला. मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." पूर्वी त्या खुर्चीवर कुणी पिशवी ठेवलेली तिला खपायची नाही. मला भीती वाटली ती त्या "बरं"ची.

घरात काहीतरी जिवंत हवं असं माझ्या डोक्यात बसलं. मांजर म्हटलं तर ताई म्हणे, अंगावर येतं. पोपट म्हटलं तर, बोलतो. मासे म्हटलं तर, पाणी कोण बदलणार. शेवटी म्हणाली, "हात लावावा लागणार नाही आणि माझ्याकडून कसलीच अपेक्षा ठेवणार नाही, असं काही असेल तर आण." मग दगडच आणते, असं ओठांवर आलं होतं, गिळलं.

माझ्याकडे केस रंगवायला एक बाई येतात. गॅलरीत किडे वाढवतात आणि हौशी लोकांना विकतात. पार्लरमध्ये आम्ही त्यांना किडेवाल्या बाईच म्हणतो, अर्थात त्या गेल्यावर. त्यांनी मँटिस सुचवला. हिरवा, काडीसारखा, पुढचे दोन पाय नमस्कार केल्यासारखे जोडून बसणारा. "कुरवाळायचा नाही, बोलवायचा नाही. खातो आणि बघत बसतो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ह्याचं आणि ताईचं जमेल.

ताईला ओढतच नेलं. खिडकीपाशी लांब टेबलावर पारदर्शक पेल्यांची रांग होती, प्रत्येकाच्या तोंडावर जाळी आणि जाळीला उलटं लोंबकळलेलं एकेक पिल्लू. मागून ऊन येत होतं. बाई समजावत होत्या, "पहिलाच आहे ना, मग भरल्या पोटाचा बघा. आपण जवळ गेलो की मान वळवून बघतो का ते बघा. पकड घट्ट हवी."

ताई रांगेच्या एका टोकाला उभी राहिली आणि बघत बघत पुढे सरकली. चेहरा कोरा. मधेच तिचा डावा हात पुढे गेला, त्याने एक पेला उचलला आणि डावीकडे बाजूला ठेवला. मग ती उरलेले पेले बघायला लागली.

इतक्या दिवसांत तो हात पहिल्यांदाच उठला होता.

बाईंना काय ठाऊक. त्यांना वाटलं, निवड झाली. पिशवी घेऊन आल्या आणि पेला बघून थबकल्या. "अहो, हा नका घेऊ. मागच्या वेळी कात टाकताना खाली पडला, पुढचा पाय वाकडा झालाय. अजून एकदा कात टाकेल. पुन्हा पडला तर संपलं. मी विकतही नाही ह्याला, चुकून रांगेत राहिला."

"तिने निवडला नाहीये तो, काढून टाकलाय," मी म्हणाले. "ताई, चांगला घे एखादा. तो बघ कसा टकामका बघतोय."

ताई त्या वाकड्या पायाकडे बघत होती. "आता उचललाय ना," म्हणाली. "परत नाही ठेवायचा."

मी काय वाद घालणार. कारखान्याचा नियम तो, माझ्या बापाच्यानेही मोडवला नसता. बाईंनी पैसे घेतले नाहीत, ह्याचंही मला वाईटच वाटलं. रस्ताभर मी ताईवर तणतणत होते, एक मरण झालं ते पुरे नाही का म्हणून. ती पेला सरळ धरून चालत होती.

त्यानंतर ताईच्या स्वयंपाकघरात सडकी केळी आली. चिलटं हवीत म्हणून. फडकंवाली आमची ताई चिलटं पोसत होती, आणि मी नाक धरून बसत होते. वाकड्या पायाने त्याला शिकार धरता येत नव्हती, म्हणून माझा भुवयांचा चिमटा गेला. ताई चिमट्यात चिलट धरून त्याच्या तोंडापुढे न्यायची. माया वगैरे दिसत नव्हती, खोकी चिकटवावीत तसं चाललं होतं. हा आत्ता मरेल, मग मरेल म्हणून मी धास्तावलेली. ताईच्या हातून हेही गेलं तर ती खुर्ची गेली, आणि ताईही गेली, असं मी मनाशी धरून बसले होते.

एक दिवस संध्याकाळी गेले तर ती पेला दिव्यासमोर धरून फिरवत होती. "खाणं सोडलंय. आता कात टाकेल," म्हणाली. "आणि ही जाळी बघ. एका बाजूला सुटलीय. हा लोंबकळला की ती हलते. मागेही त्यामुळेच पडला असणार."

मला तर काही दिसेना. डोळ्यांजवळ नेली तेव्हा दिसलं, केसाएवढी फट.

ती उठली, कपाट उघडलं आणि भावोजींचा जाळीचा बनियन काढला. त्या कपाटाला ती मला हात लावू देत नव्हती. कात्रीने बनियनचा चौकोन कापला, मोठ्या काचेच्या बरणीच्या तोंडावर ताणून दोऱ्याने घट्ट बांधला, बोटाने दाबून बघितला, सोडला, पुन्हा बांधला. मग मँटिसला हळूच आत सरकवलं. "सुपरवायझरला सांग, थोडं थांब म्हणावं," म्हणाली.

पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी गेले, तर तिने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. बरणीत बनियनच्या जाळीला तो उलटा लटकला होता. मानेमागे कात फाटली होती आणि ओल्या हातमोज्यातून हात ओढून काढावा तसा तो इंचाइंचाने बाहेर येत होता. जाळी ताणली, पण जागची हलली नाही. शेवटी तो पूर्ण सुटला, फिकट, जवळजवळ पांढरा, आणि आपल्याच रिकाम्या कातीला धरून लटकत राहिला. पुढचा पाय अजून थोडा आखूड होता, पण दुमडत होता.

ताई खुर्ची ओढून बसली होती. नजर बरणीवरून हलवली नाही.

"ह्याचं वेळेवर दिसलं मला," ती म्हणाली.

मला हुंदका आवरला नाही. किती दिवसांचा होता कोण जाणे, मोठ्यानेच फुटला.

"रडायचं तर स्वयंपाकघरात जा," ताई हळू आवाजात म्हणाली. "अजून अंग वाळलं नाही त्याचं."

मी गेले. त्या घाणेरड्या केळ्यांशेजारी ओट्याला टेकून तोंडात पदर कोंबून रडले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दारातून दिसलं, ताईने बरणीवर ऊन येऊ नये म्हणून खिडकीचा पडदा ओढला, आणि मग तीही स्वयंपाकघरात आली.