वखारीचा ओटा
मी काही लेखक नाही, आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. काल हॉस्टेलबाहेर सरकीच्या पेंडीचा वास आला आणि बीडच्या भर बाजारातली सहकारी संस्थेची जुनी दगडी वखार आठवली. दुष्काळात कापूस आलाच नाही आणि वखारीला कुलूप लागलं, पण तिच्या गार ओट्यावर माझी आई दर बाजाराला घोंगड्या विकायची, आणि आमचं घर तेवढ्यावरच चालायचं. एकदा तिथं एक साहेब नकाशा घेऊन आले. म्हणाले, "इथं घरं होतील, नाट्यगृह होईल, लोकांसाठी मोकळी जागा होईल. तेव्हा बाई, जागा मोकळी करा." आई हलली नाही. "लोकांसाठी मोकळी जागा करायची म्हून आमालाच जागा मोकळी कराय लावता व्हय? मंग आमी कोण, मेंढरं?" शेजारची बांगडीवाली खिदळली, "मेंढरं तरी हाकलली की उठत्यात, सायेब. ही न्हाई उठायची!" मला वाटलं, आता पोलीस येतील. पुढं नोटिसा आल्या, कुंपणाचे खांब आले, तरी आई बसतच राहिली. परवा भावाचा फोन आला, की नव्या नकाशात ओटा कायम ठेवलाय. तो ही बातमी सांगायला धावत गेला, तेव्हा आई ओट्यावर गिऱ्हाइकाशी घोंगडीच्या किमतीवरून भांडत होती.