बेटावर दोघींचा तंबू

माझ्या धाकट्या बहिणीनं मला फसवलं, हे आधीच सांगून टाकते. आडपडदा ठेवून गोष्ट रंगवायचा माझा स्वभाव नाही, आणि राग अजून गेलेला नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरमध्ये मी छत्तीस वर्षं काढली. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकवर आहे, ते झोपेतही सांगितलं असतं. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, बहिणीला घेऊन अंदमानला जाणार आणि समुद्रकाठी तंबूत राहणार. लोक हसले. नाशिक रोडचा फ्लॅट गळतोय का, असंही एकानं विचारलं.

आई गेली तेव्हा बहीण अकरा वर्षांची होती आणि मी बावीसची, नुकती नोकरीला लागलेली. तिच्या वेण्या, तिचा अभ्यास, तिचं लग्न, सगळं मी केलं. माझं लग्न राहून गेलं, त्याची तक्रार नाही. पण तिच्याबरोबर नुसतं बसणं कधी झालंच नाही. आधी माझी ड्युटी, मग तिचं सासर. सायखेड्याला द्राक्षबागेच्या घरात तिला दिली, आणि मी तिथं गेले की ती सारखी उठायची. कुणाला चहा, कुणाला भाकरी, बागेत मजूर आलेले. माझ्या वाट्याला तिची पाठच यायची. म्हणून मला चार दिवस हवे होते. ती आणि मी, आणि जिथं तिला कुणी हाक मारणार नाही अशी जागा. बेटासारखी सोयीची जागा दुसरी कुठली?

बेत मी स्टोअरच्याच शिस्तीनं आखला. वही केली. तिथल्या एका छोट्या बेटावर एक माणूस आपल्या गेस्ट हाउसच्या आवारात तंबू लावू देत होता. त्याच्याशी मी हिंदीत तीनदा बोलले. भरतीचं पाणी कुठवर येतं, जमीन वाळूची की मातीची, संडास किती पावलांवर. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, आप आ जाइए, सब दिख जाएगा." नारळाच्या झाडाखाली तंबू लावायचा नाही, वाळूतल्या बारीक माश्या चावतात म्हणून पायांना खोबरेल चोळायचं, तंबूत शिरताना पाय पुसायला वेगळं फडकं ठेवायचं, सगळं वहीत होतं. तारखासुद्धा बहिणीच्या सोयीनं. द्राक्षांचा माल निघाला की एप्रिलच्या छाटणीपर्यंत बागेला थोडे दिवस विश्रांती देतात. त्या घरातल्या बायकांना मिळाली तर तेवढीच विश्रांती मिळते. मी मार्चअखेरचे दिवस धरले.

दर रविवारी दुपारी मी तिला फोन करून आठवड्यात काय ठरलं ते वाचून दाखवायची. ती "हो ताई" म्हणायची. "चालंल ताई." "तू म्हनशील तसं." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिची भाषा आता पक्की सायखेड्याची झाली आहे. मला वाटायचं, पोरगी किती खूश आहे. एकदाच तिनं विचारलं, "आपन दोघीच का गं?"

"मग काय वऱ्हाड न्यायचंय?" मी म्हटलं. ती हसली आणि विषय तिथंच संपला.

तंबू आला तेव्हा मी तो सोसायटीच्या गच्चीवर लावून पाहिला. पहिल्या दिवशी सव्वा तास लागला. खालच्या मजल्यावरचे काका बायकोबरोबर पापड वाळत घालायला आले होते. "बघ, ताईंनी संन्यास घेतला," ते म्हणाले. चौथ्या दिवशी मी वीस मिनिटांवर आले. मग आत आडवी होऊन पाहिलं. दोघींना पुरेल एवढी जागा होती, कुशीवर वळलं तर गुडघ्याला गुडघा लागला असता एवढंच. त्या दिवशी मी इतकी सुखात होते की खाली जाऊन दोघींसाठी सारख्या टॉर्च मागवल्या.

मार्चच्या सुरुवातीला तंबू पाठीला अडकवून मी सायखेड्याला गेले. तिलाही तो लावता यायला हवा होता. ती मजुरांसाठी चहा घेऊन बागेत गेली होती. तिच्या सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"आल्या का ताई? बरं झालं," त्या म्हणाल्या. "मावंद्याला तुमच्याकडची किती मान्सं धरायची?"

मावंदं म्हणजे तीर्थयात्रेहून सुखरूप परत आल्यावर घालायचं जेवण. मला काही कळेना. "कोण गेलंय यात्रेला, मावशी?"

"गेलंय कुठं, जायचंय की! रामेश्वरला. अकरा जनी हाय आपन. तुमचं नाव तर पयलं हाय."

मी पायरीवरच बसले. त्या घराची रीत मला ठाऊक होती. बाईनं फिरायला जाते म्हटलं की दहा प्रश्न निघतात, देवाला जाते म्हटलं की एकही निघत नाही. मात्र देवाला निघालेल्या बाईला शेजारीण "मी येऊ का?" म्हणाली, तर तिला नाही म्हणता येत नाही. बहिणीनं परवानगी मिळावी म्हणून देवाचं नाव घेतलं असेल आणि सगळी गल्ली मागे लागली असेल, असा बचाव मी तिच्या वतीनं मनातल्या मनात करूनही टाकला. तोवर सासूबाई पुढं बोलतच होत्या.

"म्या तर म्हनलं व्हतं, दोघी बहिनी जा तिकडं अंदमानला, चार दिवस हिंडून या. जलमभर राबली हाय ती. तर हीच म्हनली, नाय, रामेश्वरला जाऊ आन समद्याच जाऊ. घरोघर जाऊन तिनंच सांगितलं. गाडी ठरवून दोन महिने झाले."

दोन महिने. म्हणजे आठ रविवार मी वाचत होते आणि आठ रविवार ती हो म्हणत होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं. परक्यानं केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते.

बहीण आली, तिनं आधी माझं तोंड पाहिलं आणि मग तंबूची पिशवी. केविलवाणं हसून म्हणाली, "ताई, रामेश्वर पन बेटच हाय ना गं. समुद्र बी हाय तिथं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला दंडाला धरून घरामागं नेलं. "मला कधी सांगणार होतीस? गाडीत बसल्यावर?"

"सांगनारच व्हते."

"आणि हे असं का केलंस? मावशी तर जा म्हणत होत्या!"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "चार दिवस नुसती तू आन मी. मला भ्या वाटलं."

"कसलं भय? भरतीचं मी सगळं विचारून..."

"तुझं, ताई."

ती आता थांबेना. "तू मला अजून अकराचीच धरतीस. टॉर्च कुठं ठिवायची, पाय कशानं पुसायचे. हितं मी सासूला उलट बोलते, नवऱ्याला बोलते. तुला कसं बोलू? तू लय केलंस माझ्यासाठी."

"मग फोनवरच नाही म्हणायचंस."

"तुला मी कधी नाय म्हनलेलं आठवतंय का?"

मी आठवून पाहिलं. एकही वेळ आठवेना. लाज वाटली, पण राग तिळभरही कमी झाला नाही. आठ रविवार खोटं बोलण्यापेक्षा एकदा तोंडावर बोलली असती, तर मी रडले असते आणि संपलं असतं.

ओट्यावर येऊन मी सासूबाईंना सांगितलं की माझा गुडघा दुखतोय, एवढा प्रवास झेपायचा नाही. "अगं बाई, असं कसं," त्या हळहळल्या, आणि लगेच भिंतीपलीकडं शेजारणीला हाक मारून विचारलं, एक जागा झालीये, येतीस का.

बहीण दारात उभी होती. "चल ना गं ताई," ती म्हणाली, दोनदा म्हणाली, डोळेही पुसले. ते अश्रू खोटे नव्हते. पण शेजारीण पलीकडून "येते की!" म्हणून ओरडली, तेव्हा तिचे मघापासून वर ओढलेले खांदे सैल झाले आणि तिनं मोठा श्वास सोडला. तिला लहानाची मोठी मी केलीय, तिचा सुटकेचा श्वास मला ओळखता येतो. ती माझ्यापासून सुटली होती.