नारळपाणी प्यायलेला ट्रॅक्टर

दसऱ्याच्या सकाळी परीक्षितने गुरुनाथकाकांच्या ट्रॅक्टरला नारळपाणी पाजलं. पाजायचं असं काही त्याच्या मनात नव्हतं. मनात भक्तिभावच होता, पण बरेचसे अपघात तिथूनच सुरू होतात.

दसरा अमेरिकेतला, म्हणजे तिथीला नव्हे, जवळच्या शनिवारी आलेला. ट्रॅक्टरही शेतातला नव्हे. अंगणातलं गवत कापायचा, म्हशीच्या रेडकाएवढा, आणि वयाने परीक्षितपेक्षा मोठा. पार्सिपनीतल्या त्या उताराच्या रस्त्यावर काकांचं घर, आणि समोरच्या घरात भाड्याने परीक्षित. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, अंगाने भरभक्कम आणि स्वभावाने मदतीला धावणारा. हे दोन गुण एका माणसात आले की शेजारच्या वस्तूंनी जरा जपून राहावं.

काका त्या दिवशी ट्रॅक्टरला बर्फ ढकलायचं पातं बसवत होते. पोटाखालचा गवत कापायचा सांगाडा काढून त्या जागी नवी चौकट, तिच्या टोकाला पुढे हे रुंद पोलादी पातं, आणि ते वर-खाली करायला सीटच्या उजव्या बाजूला एक लांब दांडा. पातं दुसऱ्याच कुठल्या ट्रॅक्टरचं, शेतावरच्या एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमधून आणलेलं. त्यामुळे याची भोकं आणि त्याची भोकं यांचं पत्रिका न बघता ठरवलेल्या लग्नासारखं झालं होतं. काकांनी पट्टीला नवी भोकं पाडली, बोल्ट घातले, आणि पूजेआधी एअर फिल्टर काढून तो धुवायला आत गेले. जाताना म्हणाले, "नारळ पायरीवर फोड."

परीक्षितला वाटलं, पातं इतकं धारदार समोर असताना पायरी कशाला? पूजा कुणाची, पायरीची की ट्रॅक्टरची? त्याने नारळ पात्याच्या काठावर हाणला. तो पहिल्याच फटक्यात फुटला, आणि पाणी पात्यावरून उडून, बॉनेट उघडं होतं तिथून, कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात गेलं. इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण काही बिघडलं तर नाही ना, हे बघायला त्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एक घोट घेतला, ठसका दिला आणि मान टाकली.

काका आले, वाकले, वास घेतला. पद्मिनीकाकू दारातून म्हणाल्या, "पाजलंस ना? आता खोबरं भरव."

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे परीक्षितलाही ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात बर्फ काढायला ठरवलेला माणूस आलाच नाही. काकांनी फावडं घेतलं, अर्धा ड्राइव्हवे साफ केला आणि उरलेल्या अर्ध्यात बसून राहिले. छातीत स्टेंट बसवावा लागला. अर्विंगहून मुलगी स्वानंदी धावत आली आणि तिने बापाकडून वचन घेतलं: फावडं पुन्हा हातात दिसलं, तर घर विकायचं आणि टेक्सासला यायचं. आमच्याकडे मोठी खोली आहे, मंदिर आहे, ओळखीची माणसं आहेत, आणि बर्फाची कटकट नाही.

काकांनी वचन दिलं, आणि आयुष्यभर पंपांच्या कारखान्यात घालवलेल्या माणसाने द्यावं तसं नेमकं दिलं. फावडं नाही म्हणजे फावडं नाही. पात्याचं नाव त्यात कुठे होतं? म्हणून तर हा सारा खटाटोप. हे घर त्यांनी हातांनी घडवलेलं. छप्पर त्यांनी घातलं, तळघर त्यांनी बांधलं. अर्विंगच्या मोठ्या खोलीत त्यांना दुरुस्त करण्याजोगं काहीच नव्हतं, आणि हीच त्यांची खरी तक्रार होती.

कार्ब्युरेटर उघडून धुतला, तर सांध्यातलं जुनं गॅस्केट फाटलं. त्या वयाच्या यंत्राचं गॅस्केट मिळता मिळता नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उजाडलं. सुटीला आलेल्या स्वानंदीला गॅरेजमध्ये दिसला तो जुन्या वर्तमानपत्रावर पसरलेला ट्रॅक्टर. जेवताना ती, इकडे हल्ली घरांना भाव बरा आहे म्हणे, एवढं म्हणाली. परीक्षितने पुरणपोळी ताटातच ठेवली.

बर्फ पडला तेव्हा ट्रॅक्टर जोडून झाला होता. सकाळी सारा रस्ता गुडघाभर पांढरा. परीक्षित धावत गेला तेव्हा काका कानटोपी घालून सीटवर बसले होते. मागच्या चाकांना साखळ्या, पाठीमागच्या पेटीत काकूंच्या तांदळाच्या रिकाम्या पिशव्या वाळूने भरून ठेवलेल्या. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झालं. पातं खाली आलं, चार हात बर्फ सरकला आणि उतार चढताना मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. मागे वजन कमी पडत होतं.

काका उतरले. त्यांची नजर गॅरेजच्या कोपऱ्यातल्या फावड्याकडे गेली. दारात उभ्या काकूंनी ती बघितली.

"वजनच हवंय ना?" काकू म्हणाल्या. "हा उभा आहे की एवढा."

परीक्षित मागच्या आडव्या पट्टीवर चढला, सीटची पाठ घट्ट धरली. काकांनी मान न वळवता सांगितलं, "हलायचं नाही. उतरायचं नाही. आणि सल्ला द्यायचा नाही."

चाकांनी जमीन पकडली. ट्रॅक्टर निघाला. अमेरिकेत येऊन इतक्या वर्षांत आपला उपयोग इतका स्पष्टपणे कधी कुणी करून घेतला नव्हता, असं परीक्षितच्या मनात आलं. जातायेता बर्फ दोन्ही कडांना लागत होता, काकू खिडकीतून आणखी डावीकडे, आणखी डावीकडे म्हणून खुणा करत होत्या, आणि काका त्यांच्याकडे पद्धतशीर दुर्लक्ष करत होते.

मागे उभं राहिल्यामुळे परीक्षितला जे दिसलं, ते खिडकीतून दिसण्यासारखं नव्हतं. प्रत्येक फेरीच्या शेवटी पातं उचलायला दांडा ओढावा लागे. आधी काका एका हाताने ओढत होते. मग दोन हातांनी. शेवटी शेवटी दांडा ओढून झाला की ते क्षणभर थांबत, हातमोजा पुसल्यासारखा करत, आणि मग पुढे निघत. हातमोज्याला पुसण्यासारखं काहीच लागलेलं नव्हतं.

त्याला नागपूरचे बाबा आठवले. दर उन्हाळ्यात स्टुलावर चढून कूलरच्या जाळीत नवा वाळा भरणारे. माणूस लावा ना हो, म्हणून तो दर वर्षी फोनवर चिडायचा. बाबा हो म्हणायचे आणि स्टूल आणायचे. स्टूल धरायला कुणी आहे का, हे आपण एकदाही विचारलं नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

ड्राइव्हवे काळाभोर निघाला. चहा होतो आहे तोच अर्विंगचा फोन आला. स्वानंदी आईबापांशी थोडं बोलली आणि मग परीक्षितला मागितलं.

"खरं सांग. बाबांनी फावडं घेतलं होतं?"

"नाही," परीक्षित म्हणाला. ते खरंच होतं.

"दमले नाहीत?"

काका समोरच बशीत चहा ओतत होते. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, आणि ते बशीकडेच बघत होते.

"दमले," तो म्हणाला. "पण मी मागे होतो. यापुढेही असेन."

पलीकडून, "बरं. हा हिवाळा बघू," एवढंच आलं.

काका गॅरेजमध्ये गेले. पाठोपाठ परीक्षितही. पात्यावरचा बर्फ झाडून काका दांड्याच्या सांध्याला ग्रीस लावत होते. परीक्षितने पुढच्या वर्षीचं बोलायचं ठरवलं होतं. शेवटी सरळच विचारलं, "काका, पुढच्या हिवाळ्यात मी पुढे बसू? तुम्ही मागून सांगा."

काकांनी ग्रीसचा हात फडक्याला पुसला, दांडा एकदा वर-खाली करून बघितला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले,

"आधी नारळ फोडायला शिक."