विमलमावशींचे न दिसणारे पाहुणे

विमलमावशी कोणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी पलंगाकडे वळत आणि गादीवर उघड्या तळव्याची थाप मारत. खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ उठे. संथ, सोनेरी, जरीच्या चुऱ्यासारखी. मला ती सुंदर वाटे. मावशी मात्र नाक मुरडत. "लय पाव्हणे जमवलेत गं! चहा कुणाकुणाला ठेवू?"

हे पाहुणे म्हणजे गादी-उशांत वस्ती करणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे. माझ्या सहा वर्षांच्या ईराला एक्झिमा होता. कोपरांच्या घड्या लाल, भेगाळलेल्या; सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. डॉक्टरांनी मलम दिले आणि घरातली धूळ कमी करायला सांगितले. ती कशी करायची, हे शिकवले शेजारच्या विमलमावशींनी. त्या मूळच्या नांदगावच्या. नाशिकच्या एका रुग्णालयाच्या धुलाईघरात त्यांची उभी हयात वाफेत गेली होती. बोटे उकडलेल्या शेंगांसारखी सुरकुतलेली.

त्यांच्या हुकमाने गालिचा गेला, कोरडा झाडू गेला. "झाडूनं धूळ मरत नाय, नुसती घर बदलती," म्हणत त्यांनी माझ्या हाती ओले फडके दिले. गादी-उशांना चेनच्या घट्ट खोळी चढल्या. चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात जाऊ लागल्या. मी बादलीत बोट बुडवून "तापलंय," म्हटले, तर त्या खवळल्या. "बोट ठेववलं म्हंजे कोमट! पाव्हण्यांना न्हाऊ घालायचंय का?" पाहुणे गारठून मरावेत म्हणून ईराचे कापडी अस्वल पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये गेले. बर्फ काढायला गेलेले तिचे बाबा दचकून ओरडले, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "असू द्या, हिमालयात गेलंय ते."

तरीही ईराची कोपरे निवळेनात. "एखादा पाव्हणा लपलाय," मावशी पुटपुटल्या. मी फडके पिळत राहिले. ईराला मात्र राहवले नाही.

"आजी, तुम्ही आलात की आई माझी गोधडी कपाटात ठेवते!"

माझे कान तापले. ती गोधडी माझ्या आईने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. गोधडी मी एकदाही धुतली नव्हती.

"मावशी, तिच्यात आईचा वास आहे अजून. धुतली तर जाईल हो."

मावशींनी गोधडीत नाक खुपसून दीर्घ श्वास घेतला. "हाय. खोबरेल अन् कापूर." मग त्या सलग चार वेळा शिंकल्या. ईराचा खरखरीत हात उचलून त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवला. "आईचा वास पायजे, तर आईसारखं लोणचं घाल. पोरीच्या अंगावर कशाला मुरवती?"

मला हसू आले आणि रडूही. गॅलरीत बसून आम्ही दोघींनी टाके उसवले. वरची लुगडी विटून राखाडी झाली होती. पण थरांच्या मध्ये, जिथे ऊन कधी पोचलेच नव्हते, तिथे एक लुगडे निघाले कोवळ्या मेथीसारखे हिरवेगार. आईच्या अंगावर ते पाहिल्याचे मी विसरूनच गेले होते. मावशींनी ते कढत पाण्यात बुचकळले आणि त्याचीच दर आठवड्याला धुता येईल अशी पातळ दुलई शिवली. वास गेला. महिन्या-दीड महिन्यात चादरीवरचे ठिपकेही गेले. एक्झिमा थंडीत अजून डोकावतो. पण ईरा आता लांब बाह्यांशिवाय शाळेत जाते.

गेल्या वर्षी मावशी मनमाडला, रेल्वेत असलेल्या मुलाकडे राहायला गेल्या. निरोपाला आल्या, तेव्हाही आधी गादीवर थाप मारली. उन्हाच्या पट्ट्यात काहीच उठले नाही. त्या चक्क हिरमुसल्या.

"पाव्हणे गेले गं तुझे. आता मी कुणाच्या निमित्तानं येऊ?"

मी त्यांच्या हातात लोणच्याची बरणी ठेवली. तीन वर्षे फसून चौथ्या वर्षी जमलेले, आईच्या पद्धतीचे. त्यांनी झाकण उघडले, डोळे मिटले आणि तसाच दीर्घ श्वास घेतला.

"हाय," त्या म्हणाल्या. "आता हाय तुझी आई. अन् शिंक पण नाय आली."