वाचलं की पुसायचं

आमच्या डोंबिवलीच्या घरात आईबाबांचा संसार बराचसा एका पाटीवर चालायचा. बाबा केमिकल कंपनीत, शिफ्टवाले. आई मुंबईला ऑफिसात. एक घरात शिरेपर्यंत दुसरा बाहेर पडलेला. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला पाटी टांगलेली असे. ‘कुकर लावलाय, दोन शिट्ट्या दे.’ ‘गॅसवाला आलाच नाही.’ भांडणंसुद्धा तिथेच होत, आणि ती मी मिटक्या मारत वाचायची. नियम एकच: वाचलं की पुसायचं. कोरी पाटी दिसली की लिहिणाऱ्याला कळे, निरोप पोचला.

मी कॉलेजात असताना एका पहाटे फर्स्ट शिफ्टला निघण्यापूर्वी बाबांनी लिहिलं, ‘दूध तापवलंय. पाणी आज उशिरा. चष्म्याला संध्याकाळी जाऊ.’ आईच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. त्या दिवशी कंपनीतच छातीत कळ येऊन बाबा गेले. आईची सकाळी घाईत पाटी पुसायची राहिली होती. मग तिने ती पुसलीच नाही.

दिवाळीला रंगारी आला तर ती पाटीशेजारी पहारा देत उभी राहिली. जुन्याच चष्म्यातून डोळे बारीक करून तांदूळ निवडायची. नवा कर म्हटलं की खेकसायची. मला तिचा राग यायचा. माणसाची आठवण जपावी, दुखणं कसलं जपायचं, असं मला वाटे.

खडू मात्र कुणाचं ऐकत नाही. फोडणीच्या वाफेने अक्षरं विरत चालली. ‘चष्म्याला’तला च तर गेल्यातच जमा होता. तोवर मी छापचित्रं, म्हणजे पत्र्यावर रेषा खोदून कागदावर छापायची चित्रं, करायला लागले होते. एके दिवशी म्हटलं, ‘आई, हे मी पत्र्यावर उतरवून घेते.’

‘पाटीला हात लावायचा नाही.’

‘नाही लावत. बघून काढते.’

पुष्कळ जण ॲसिडने रेषा खोदतात. मी त्या वाटेला गेले नाही. ॲसिडने बाबांच्या शर्टांना पडलेली भोकं मी शिवलेली आहेत. मी ड्रायपॉइंट निवडलं. जस्ताच्या पत्र्यावर पोलादी सुईने थेट ओरखडायचं, बस. कागदावर सुलट यायला पत्र्यावर सगळं उलट लिहावं लागतं. बाबांचं अक्षर म्हणजे आधीच कोंबडीचे पाय. ते आरशात बघून गिरवताना मी चिडलेही आणि रडलेही.

ठाण्याला एका मैत्रिणीच्या शेडमध्ये छापायचं यंत्र होतं. त्या दिवशी आई हट्टाने बरोबर आली आणि पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. मी पत्र्यावर शाई चोपडली. पत्रा काळाकुट्ट झाला, एक अक्षर दिसेना. मग जाळीदार कापडाचा बोळा घेऊन मी पुसायला सुरुवात केली, तर आई ताडकन उठली आणि तिने माझं मनगट धरलं.

‘अगं पुसू नकोस! पुसू नकोस गं!’

बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली. मी म्हटलं, ‘आई, शाई ओरखड्यांत बसलीय. वरची पुसली नाही तर काहीच दिसणार नाही. बघ तरी.’ तिने मनगट सोडलं नाही. तसंच मी हळूहळू पुसत गेले आणि काळ्यातून उलटी अक्षरं वर आली. ओलसर कागद ठेवून पत्रा यंत्रातून काढला, कागद उचलला, तेव्हा ती सुलट झाली होती. आईने कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश, मोठ्याने वाचला. दूध, पाणी, चष्मा. शेवटी म्हणाली, ‘बरं.’ एवढंच.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी आले तर पाटी धुतलेली. मी चपला न काढताच पाटीशी गेले. मग नव्या खडूतलं आईचं अक्षर दिसलं: ‘चष्मा करायला गेलेय. भात कुकरमध्ये. थांबू नकोस, जेवून घे.’

हे मला होतं. घरात दुसरं होतंच कोण? मी ते परत परत वाचलं. पुसायला हात उचलेना, खरंच उचलेना. पण आल्या आल्या ती आधी पाटीच बघणार होती. मी फडकं ओलं केलं.