आक्काला दिलेला शब्द

दुपारचं जेवण झाल्यावर रंगनाथ डाव्या कुशीवर पडतो. डोळ्यांवर झापड येते न येते तोच तो आपल्या जुन्या दवाखान्यात उभा असतो. चाळीस वर्षं कंपाउंडरकी केली ती ही जागा. पण औषधांच्या फळीखाली आज चूल पेटलीय आणि तिच्यापुढे यमुनाक्का भाकरी थापतेय. थोरली बहीण. जाऊन तीन वर्षं झाली तिला.

"बस की रंगा. खातोस ना?"

ती त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाही, याचीच त्याला भीती वाटते. तिच्या हृदयाच्या झडपेला जंतू लागले होते. सहा आठवडे इंजेक्शनं चालली, ती बरी झाली, सगळ्या गल्लीत पेढे वाटले. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, हा जंतू पुष्कळदा आतड्यातल्या दुखण्यातून रक्तात शिरतो, आतडं दुर्बिणीनं बघायलाच हवं. आक्का लाजेनं अर्धमेली झाली. बाहेर तपासून घेतलं, काही निघालं नाही, असं तूच सांग म्हणाली. आणि या शहाण्यानं सांगितलं! कंपाउंडरच बोलतोय म्हटल्यावर डॉक्टरांनाही खरं वाटलं. दीड वर्षात आतड्याच्या कॅन्सरनं तिला नेलं. लोकांना सांगितलं, हृदयानं गेली. पुण्याला असलेल्या तिच्या लेकीलासुद्धा तेच.

आता चूल नाही. लांबलचक वॉर्ड आहे, सगळ्या खाटा रिकाम्या, आणि शेवटच्या खाटेवर आक्का पाय पोटाशी घेऊन पडलीय.

"शालन काय म्हणते?"

शालनला, तिच्या लेकीला, दोन महिने रक्त पडतंय. मूळव्याध समजून बाई सुरण खातेय, आणि हा मामा तिला सुरण कसा शिजवायचा ते फोनवर सांगतोय. लाज कशी वाटत नाही मेल्याला!

"तुला शब्द दिलाय आक्का. कुणाला सांगणार नाही म्हणून."

"मला दिलास. तिनं काय केलंय?"

त्याला रडू फुटतं. "खोटं बोललो मी. तुझी तपासणी झालीच नव्हती. आतड्याच्या कॅन्सरनं गेलीस तू. शालनला दाखवायला हवं, आजच्या आज."

आक्का भिंतीकडे तोंड करते. माफ केलं की नाही, कळत नाही.

त्याला जाग येते. उशी भिजलीय. मुठीत मोबाईल आहे, चांगला गरम झालेला. झोपेत कधी वाजला, कधी उचलला, देव जाणे. स्क्रीनवर शालनचं नाव आहे आणि फोन चार मिनिटं चालू आहे.

तो कानाला लावतो.

"मामा," ती हळूच विचारते, "आई कशानं गेली म्हणालास तू?"